गदा नसलेला मल्ल : फिलाडेल्फियाचा जिमी यंग

अहिल्यानगरची महाराष्ट्र केसरी होऊन गेली, तरी कोल्हापुरात फोन लावला की गाडी फिरून तिथंच येते. फेब्रुवारी २०२५ मधली गादी विभागाची अंतिम कुस्ती. शिवराज राक्षेची पाठ टेकली असं पंचांनी ठरवलं आणि पृथ्वीराज मोहोळला विजयी दिलं. पाठ टेकलीच नाही, व्हिडिओ बघा, असं राक्षेचं म्हणणं. वाद वाढला, राक्षेने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीतही पंचांचा निर्णय न पटल्याने महेंद्र गायकवाड मॅट सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

मंगळवार पेठेतला माझा चुलतभाऊ यावर अजून तावातावाने बोलतो. लाथ मारली ते चूकच, हे त्याला मान्य आहे. पण मॅटबाहेर कॅमेरे लावलेले असताना पैलवानाने मागूनही निर्णय तपासला जात नसेल तर त्याने दाद मागायची कुठं, हा त्याचा सवाल आहे आणि तो रास्त आहे. फक्त बोलणं संपवताना तो दर वेळी म्हणतो, "तुमच्याकडं अमेरिकेत असलं काय चालत नसंल."

चालतं. मी राहतो त्या फिलाडेल्फियात जिमी यंग नावाचा हेवीवेट मुष्टियोद्धा होऊन गेला. १९४८ मध्ये इथंच जन्मला आणि २००५ मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी, इथंच वारला. त्याच्यासारखी गत झालेला दुसरा हेवीवेट मला माहीत नाही. जगज्जेतेपद त्याच्या हाताला लागून दोनदा सुटलं. आज त्याचं नाव निघतं ते महंमद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या गोष्टीतला एक प्रसंग म्हणून. मला हे पटत नाही. का पटत नाही ते कोल्हापूरच्या माणसांना सांगावं असं फार दिवस मनात आहे, कारण अंगाला अंग भिडल्यावर कोण कुणाला खेळवतोय हे ओळखणारे डोळे आपल्या गावात आहेत.

३० एप्रिल १९७६. वॉशिंग्टनजवळच्या लँडओव्हरमध्ये जगज्जेत्या अलीविरुद्ध यंग, किताबासाठी १५ फेऱ्यांची लढत. अलीचं वजन २३० पौंड, तोवरच्या कारकिर्दीतलं सगळ्यात जास्त. यंग २०९. अलीने फारशी तयारी केली नव्हती. फेब्रुवारीत एक लढत झालेली, मे महिन्यात म्युनिकला दुसरी ठरलेली, मधली ही त्याला किरकोळ वाटली असणार. रिंगमध्ये मात्र त्याला वेगळंच कोडं पडलं. अलीचा खेळ समोरचा अंगावर येण्यावर उभा होता. तो आला की हे मागे सरकणार, त्याचा ठोसा हवेत गेला की ह्यांचा बसणार. यंग अंगावर आलाच नाही. अर्धं पाऊल मागे, खांदा जरा वळवलेला, डावा हात पुढे, आणि अलीने सुरुवात करायची वाट बघत उभा. जड झालेल्या अलीला ती सुरुवात करता येईना. फेरीमागून फेरी यंगचा डावा ठोसा नेमका बसत गेला.

मी ती लढत पुन:पुन्हा पाहिली आहे आणि माझ्या हिशोबाने यंग थोडक्यात पुढे होता. पंचांनी एकमताने अलीला दिली. त्या वेळी फेरी जिंकणाऱ्याला ५ गुण आणि हरणाऱ्याला त्याहून कमी अशी पद्धत होती. तीन कागदांवर आकडे होते ७०-६८, ७१-६४ आणि ७२-६५. एकाला दोन गुणांचा फरक दिसला, दुसऱ्या दोघांना सात-सात गुणांचा, आणि तिघांनी पाहिली एकच लढत. प्रेक्षकांनी निकालाची हुर्यो उडवली.

आता यंगच्या विरोधातलं. अली जवळ आला, दोरांशी रेटू लागला, की यंग डोकं आणि अर्धं अंग दोरांच्या बाहेर काढायचा. नियमाने लढत थांबवावी लागायची. एकदा नाही, अनेकदा केलं त्याने. बाराव्या फेरीत तर पंचाने त्यावर मोजायला सुरुवात केली. ज्याला जगज्जेतेपद हिसकावून घ्यायचंय त्याने असं करू नये असं म्हणणारे चूक आहेत असं मी म्हणणार नाही. गळ्यातलं लॉकेट उपटून घेतल्यासारखा किताब घ्यावा लागतो, तो कुणी आणून देत नाही, असं इथले जुने शौकीन सांगतात. पण चँपियनला हरवायला थोडं जास्त जिंकावं लागतं असा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. फेरी ज्याची त्याची. दोर ओलांडल्याबद्दल त्या-त्या फेरीचे गुण कापा, हरकत नाही. बाकीच्या फेऱ्यांत ज्याचा ठोसा बसला त्याला गुण द्या.

गेल्या खेपेला गावी आलो तेव्हा भावाबरोबर तालमीत गेलो होतो. संध्याकाळचा जोर-बैठकांचा भर ओसरला होता, पोरं हौद्याच्या कडेला अंगावरची माती खरवडत बसली होती. भावाने विषय काढला म्हणून मी मोबाइलवर यंगची लढत लावली. अलीची नव्हे, फोरमनची. पोरं वाकून बघायला लागली आणि मिनिटाभरात एक जण म्हणाला, "मार की गड्या, पळतोय काय!" बाकीचे हसले. वस्ताद चष्मा लावून बघत होते. त्यांनी आयुष्यात बॉक्सिंगची एक लढत सलग पाहिली नसेल. दोन फेऱ्या ते काहीच बोलले नाहीत. मग बोट स्क्रीनजवळ नेऊन म्हणाले, "ह्याचं पाय बघा. एकदा तरी एकावर एक आलंत का? आन् ह्यो दांडगा बघा, दर टायमाला तोल जाऊन परत हुबा ऱ्हातोय. ह्यो पळत न्हाई. दमवतोय त्येला."

सॅन हुआनच्या त्या रात्री, १७ मार्च १९७७ ला, नेमकं हेच चाललं होतं. फोरमन म्हणजे जो फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडणारा माणूस. तोवर एका अलीशिवाय त्याला कुणी हरवलेलं नव्हतं. यंगशी लढून जिंकलं की अलीशी पुन्हा गाठ पडेल, असा त्याचा हिशोब. पोर्तो रिकोच्या उकाड्यात यंगने त्याला पहिल्या सहा फेऱ्या हवेत हात मारायला लावले. सातव्या फेरीत फोरमनचा एक ठोसा लागला आणि यंगचे पाय लटपटले. इथं सगळं संपायला हवं होतं. त्याच्या आधी असा ठोसा खाल्लेले बहुतेक जण तिथंच संपले होते. यंग चिकटला, मिठी मारली, डोकं फोरमनच्या खांद्यात खुपसलं, सुटला, पुन्हा चिकटला, आणि घंटा होईपर्यंत पायांवर राहिला. ही फेरी मी वस्तादांना दोनदा दाखवली. दुसऱ्यांदा ते एवढंच म्हणाले, "मान बघा त्याची. खाली गेलीच न्हाई." पुढच्या फेऱ्यांत फोरमनच्या हातात जोर उरला नाही. बाराव्या फेरीत यंगने त्याला खाली बसवलं आणि गुणांवर लढत एकमताने जिंकली. 'द रिंग' मासिकाने तिला त्या वर्षीची सर्वोत्तम लढत ठरवलं.

ड्रेसिंग रूममध्ये फोरमनला मरणाचा आणि देवाचा साक्षात्कार झाला. त्याने बॉक्सिंग सोडलं, धर्मोपदेशक झाला, दहा वर्षांनी परत आला आणि १९९४ मध्ये ४५व्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला. गोष्ट खरी आहे आणि मोठीही आहे. पण ती सांगताना यंग गाळला जातो. फोरमनने ७६ लढती जिंकल्या, अवघ्या पाच हरल्या, आणि त्याला गुणांवर हरवणारा पहिला माणूस जिमी यंग होता. तो उकाड्याने हरला, तो साक्षात्काराने हरला, असं सांगतात. जिंकलेल्याच्या डाव्या हाताबद्दल आणि पायांबद्दल कुणी बोलत नाही.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला लास व्हेगसमध्ये यंग केन नॉर्टनशी १५ फेऱ्या लढला आणि दोन विरुद्ध एक अशा पंचांच्या कौलाने हरला. पुढे काय झालं ते बघा. फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सने अलीला हरवलं. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने नॉर्टनशी लढ म्हटलं, स्पिंक्सने अलीशी परतीची लढत निवडली, म्हणून त्याचा किताब काढून घेतला आणि नॉर्टनला जगज्जेता जाहीर केलं. कशाच्या जोरावर? यंगवरच्या त्या विजयाच्या. म्हणजे एका पंचाचा कागद उलटा पडला असता तर जून १९७८ मध्ये लॅरी होम्ससमोर चँपियन म्हणून यंग उभा राहिला असता. आणि फोरमन दुसऱ्यांदा जगज्जेता झाला ती तारीखही ५ नोव्हेंबरच, १७ वर्षांनंतरची.

त्यानंतर यंग ढासळला. ऑसी ओकासिओकडून दोनदा हरला, १९८० मध्ये गेरी कूनीविरुद्ध जखमेमुळे चार फेऱ्यांत लढत थांबली. वजन वाढलं, मन उडालं. आकडेवारी बघणारे ही पडझड मोजून म्हणतात की एवढे पराभव असलेला माणूस मोठा कसा. मी म्हणतो, १९७५ ते १९७७ ही तीन वर्षं बघा. रॉन लाइलला दोनदा हरवलं, फोरमनला हरवलं, अली आणि नॉर्टनसमोर ३० फेऱ्या अशा लढला की निकाल आजही वादात आहेत. हेवीवेटच्या सगळ्यात कठीण काळात एवढं करणारे हाताच्या बोटांवर मोजावेत. त्याही आधी, १९७३ मध्ये अर्नी शेव्हर्सने त्याला तीन फेऱ्यांत झोपवलं होतं. पुढच्याच वर्षी त्याच शेव्हर्सशी दहा फेऱ्या बरोबरीत. मार खाऊन शिकलेला गडी होता हा.

परदेशात राहून इथलं सगळं चोख असतं असं मी भावाला सांगू शकत नाही. फिलाडेल्फियाच्या म्युझियमच्या पायऱ्यांजवळ सिनेमातल्या एका काल्पनिक बॉक्सरचा पुतळा आहे, त्याच्याशेजारी फोटो काढायला रांग लागते. खऱ्याखुऱ्या जगज्जेत्या जो फ्रेझियरचा पुतळा शहरात उभा राहिला २०१५ मध्ये, तो वारल्यानंतर चार वर्षांनी. त्याच्या व्यायामशाळेच्या इमारतीत फर्निचरचं दुकान निघालं होतं. जगज्जेत्याची ही कथा, तर यंगची काय असणार! या बाबतीत कोल्हापूर उजवं आहे, हे मी इथल्या मित्रांना अभिमानाने सांगतो. शाहू महाराजांनी रोमचं जुनं रिंगण पाहून बांधलेलं खासबाग मैदान शंभर वर्षांनंतरही मैदानच आहे. तालमींच्या भिंतींवर मल्लांचे फोटो आहेत आणि त्यांना हार घातला जातो.

पण त्या भिंतीवर जागा कुणाला मिळते? हिंद केसरीला, महाराष्ट्र केसरीला. आणि खासबागेत खडाखडी लांबली की आपणच ओरडतो, "कुस्ती करा, कुस्ती!" निकाली कुस्तीची आपली आवड मला प्रिय आहे. पाठ लागली की वाद मिटतो, कागदावरच्या आकड्यांची गरज पडत नाही. पण आता मैदानातही वेळ संपली की कुस्ती गुणांवर लावतात, गादीवर तर सगळा मामला गुणांचाच. मग बचाव करून समोरच्याला दमवणाऱ्याला दाद देणंही शिकावं लागेल. नाहीतर ज्याच्या बाजूने आवाज जास्त त्याच्याकडे पंचाची मान वळणार, अमेरिकेत काय आणि अहिल्यानगरात काय.

खाशाबा जाधवांचं आपण काय केलं तेही आठवावं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. तिथं लागोपाठच्या दोन कुस्त्यांत विश्रांती मागायला भारताचा एकही अधिकारी जागेवर नव्हता असं सांगतात. तरी माणूस कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ मध्ये अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. पदक आणलेल्याला एवढी वाट बघावी लागली. ज्याची बरोबरीत सुटलेली कुस्ती म्हातारे अजून डोळे मोठे करून सांगतात, पण ज्याच्या खांद्यावर गदा आली नाही, त्याचं नाव तर ते म्हातारे आहेत तोवरच.

यंगच्या बाबतीत एक गोष्ट बरी झाली, त्याच्या लढती चित्रित झाल्या. त्या बघून मी पन्नास वर्षांनी पंचांशी भांडू शकतो. आपल्या मैदानांतल्या जुन्या कुस्त्यांचं चित्रीकरण फारसं नाही, त्या आहेत माणसांच्या तोंडी. म्हणून भावाला मी एक काम सांगितलंय. बंदी बरोबर का चूक यावर बोलायला आयुष्य पडलंय. वस्तादांसमोर मोबाइल धर आणि त्यांच्या वेळच्या, किताब न मिळालेल्या गड्यांच्या कुस्त्या एकेक करून वदवून घे. डाव कुठला, तोडला कसा, किती वेळ चालली, पंच कोण होता, सगळं. त्याने दोन कुस्त्यांचं बोलणं टिपून पाठवलंय. एकात पोकळ घिस्सा या डावातून सुटण्याचं वर्णन आहे, ते ऐकताना मला सातव्या फेरीतला यंग दिसत राहिला.

आणि जे कुणी आता यंगची लढत शोधून बघणार असतील त्यांनी थेट बाराव्या फेरीवर जाऊ नये. फोरमन खाली बसतो तो क्षण दोन सेकंदांचा आहे. सातवी फेरी बघा, आणि ती बघताना फोरमनकडे नको, यंगच्या पायांकडे लक्ष ठेवा.