आबांना ऐकू येत नाही? मग हे कराच!

तर मंडळी, घरात आबांना कमी ऐकू यायला लागलंय, आजीला दिसत नाही धड, वरच्या मजल्यावरचे काका पॅरालिसिसनंतर अडखळत बोलतात, आणि यांची काळजी कशी घ्यायची ते कुणी धड सांगत नाही, म्हणून म्हटलं आपणच सांगून टाकू.

पहिलं काम म्हणजे ओरडायचं. आबा "काय?" म्हणाले की तेच वाक्य जसंच्या तसं, फक्त आवाज दुप्पट आणि कपाळाला आठ्या. आता ते कान तपासणारे ऑडिओलॉजिस्ट लोक सांगत बसतात की म्हातारपणी आधी बारीक, पातळ आवाज जातात, स, श, फ असले, म्हणून बोललेलं ऐकू येतं पण कळत नाही, तुम्ही "साठ" म्हणालात तरी त्यांना "आठ" ऐकू येणार, आणि ओरडलात तर तोच आठ, फक्त मोठ्ठा. म्हणे समोर बसा, तोंड दिसू द्या, टीव्ही बंद करा, वाक्य बदलून सांगा. टीव्ही बंद?? सिरीयलच्या वेळेला? काहीही! आपण किचनमधूनच, पाठमोरं, मिक्सर चालू असताना विचारायचं, "आबा, पोहे टाकू का?" तिसऱ्यांदा "काय?" आलं की "काही नाही, जाऊ दे". हे "काही नाही" लई कामाचं आहे बरं का. सगळे खो खो हसतायत, आबा विचारतायत काय झालं, "काही नाही हो, असंच". थोड्या दिवसांत ते विचारायचंच बंद करतात, मग पाहुण्यांना कौतुकाने सांगता येतं, आबा हल्ली किती शांत झालेत! आणि चुकून एखादी गोष्ट ऐकू आलीच तर लगेच टोमणा मारायचा, "हवं ते बरोब्बर ऐकू येतं यांना".

नंतर कानाचं मशीन. कानाची तपासणी वगैरे भानगडीत न पडता ऑनलाइन ऑफरमध्ये जे दिसेल ते मागवा, आणि एकच, दुसरा कान काय उपयोगाचा! त्यातल्या त्या बटणाएवढ्या सेलवर रंगीत स्टिकर असतो, तो काढला की सेलला हवा लागते आणि तो चालू होतो, मग मशीनमध्ये घाला नाहीतर ड्रॉवरमध्ये ठेवा, तो संपत जाणारच. तेव्हा पाकीट आणल्या आणल्या सगळेच्या सगळे स्टिकर काढून ठेवा, आयत्या वेळी घाई नको. मेंदूला त्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, सुरुवात शांत खोलीत करायची असते, म्हणून पहिल्याच दिवशी आबांना मशीन घालून थेट पुतण्याच्या वरातीत डीजेसमोर उभं करा. त्यांनी कळवळून काढून टाकलं की "एवढे पैसे घातले आणि यांना किंमत नाही" हे सुनेने म्हणायचं, मुलाने मान हलवायची, आणि मशीन डबीत घालून कपाटात, लॉकरच्या कप्प्यात. महागाची वस्तू आहे, लग्नाकार्याला काढू.

आजीचं सोपं आहे. डोळ्याचं काहीही असो, "मोतीबिंदूच असेल, पिकला की काढू". काचबिंदू असला तर गेलेली नजर ऑपरेशनने परत येत नाही म्हणे, पण ते आत्ताच कशाला तपासायचं, दिवाळी होऊ दे. तोवर घरातलं स्टूल रोज नव्या जागी ठेवा, थोडा व्यायाम होतो त्यांना. आणि रस्त्यात पांढरी काठीवाला कुणी दिसला की न विचारता त्याची काठीच धरून पलीकडे ओढत न्या, त्याला पलीकडे जायचं होतं की नाही हे पुण्य पदरात पडल्यावर बघू. फूटपाथवरच्या त्या उठावदार पिवळ्या फरशा माहितीयेत ना? १९६७ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा बसवल्या, पायाला रस्ता कळावा म्हणून. आपल्याकडे त्यांच्यावर बाईक छान उभी राहते, स्टँड घसरत नाही.

वरच्या काकांना शब्द सापडायला वेळ लागतो, समजतं सगळं. म्हणून त्यांच्याशी बोलूच नका. त्यांच्यासमोरच काकूंना विचारा, "काका जेवतात का नीट?" काका "मला… मला…" करायला लागले की "पाणी हवंय!" असं सांगून ग्लास हातात कोंबायचा. त्यांना पेपर हवा होता, पण असो.

आणि दिव्यांगत्वाचं सरकारी सर्टिफिकेट विसरू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे चांगले २१ प्रकार घेतलेत, ऑनलाइन फॉर्म आहे, कार्ड मिळतं, सगळी मजा. फक्त कान तपासायला सिव्हिलला जावं लागतं. तिथे खोलीबाहेर बाकावर सगळे कमी ऐकू येणारे ओळीने बसलेले असतात आणि शिपाई दार किलकिलं करून आतूनच नाव पुकारतो, एकदाच. तुम्ही तेवढ्यात खाली चहाला गेलेले असायचं. परत येता तोवर आबांचा नंबर गेलेला असतो, आता पुढच्या बुधवारी या, आणि मग तिथेच चारचौघांत आबांनाच झापायचं, "तुमचं लक्ष कुठे असतं हो?"