प्रभूनं मला सांगितलं म्हणे!

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्यातल्या एका रविवारी साक्षीची वेळ असते. देवानं आपल्यासाठी काय केलं ते पुढं येऊन सांगायचं. परवा पाचजण पुढं आले. एकाच्या मुलाला व्हिसा मिळाला, एकीची गाठ साधी निघाली, एकाची बंद पडलेली गाडी घाटात प्रार्थना करताच सुरू झाली. टाळ्या, हालेलुया. मीही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. गाठ साधी निघाल्यावर कोण नाही वाजवणार?

पण घरी येताना नेहमीचाच विचार डोक्यात. ज्याचा व्हिसा नाकारला, तो पुढं कधी येणार? आणि ज्या आठवड्यात काहीच घडलं नाही, नुसतं दळण, शाळा, पेपर तपासणं, सासूबाईंची औषधं, त्या आठवड्यात देव काय रजेवर होता?

साक्षीपेक्षाही मला भीती वाटते ती "प्रभूनं मला सांगितलं" या वाक्याची. लग्न जुळवताना हे वाक्य येतं, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीत येतं, एकदा तर गायनवृंदाच्या साड्यांच्या रंगावरून आलं होतं. हे वाक्य आलं की समोरच्याचं तोंड बंद. प्रभूशी कोण वाद घालणार? आत्म्यांची परीक्षा करा असं बायबलात योहानानं स्वच्छ लिहून ठेवलंय, पण ती परीक्षा आपण दुसऱ्याच्या आत्म्याची करतो. स्वतःचा आत्मा आपण परीक्षेला बसवतच नाही, थेट वरच्या वर्गात ढकलतो.

हे मी मोठ्या तोंडानं बोलतेय, कारण हे वाक्य मीही वापरलंय.

वडील गेल्यावर गावच्या घरावरून माझं आणि भावाचं वाजलं. बोलणं बंद झालं ते चार वर्षं. मी प्रार्थना केली आणि मला "उत्तर" मिळालं. बायबलातल्या निर्गमाच्या चौदाव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो ना, तुम्ही शांत राहा, परमेश्वर तुमच्यासाठी लढेल, तेच. बघा, मी म्हटलं, प्रभूच सांगतोय, मी कशाला फोन करू? वचन खरंच आहे. पण ते मला सापडलं कसं, तेही सांगते. डोळे मिटून बायबल उघडलं. पहिल्यांदा वंशावळी निघाल्या. दुसऱ्यांदा मत्तयाचा पाचवा अध्याय निघाला, तो मी घाईघाईनं उलटला. तिसऱ्यांदा निर्गम निघालं आणि तिथं मी थांबले.

त्यानंतर कितीतरी दिवसांनी प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या, एका रविवारी उपासना संपल्यावर मी पेले धुवायला थांबले. आमच्याकडे काचेचे छोटे छोटे पेले असतात, भोकं पाडलेल्या गोल ट्रेमध्ये ठेवलेले. वर्षानुवर्षं एक मावशी ते धुतात. तळाशी द्राक्षरसाचा चिकट थर बसतो, बोट आत जात नाही, म्हणून त्या कापडाची सुरळी करून आतून फिरवतात. मी धूत होते, त्या पुसत होत्या. मध्येच म्हणाल्या, "भाऊ कसाय गं तुझा? खूप दिवसांत आला नाही."

"बराय की," मी म्हटलं.

"हं," म्हणाल्या आणि पुढचा ट्रे सरकवला.

एवढंच. आमच्या भांडणाचं त्यांना माहीत होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही. पण माझ्या हातात प्रभूचा पेला होता आणि तोंडातून खोटं निघालं होतं. चार वर्षं मला त्याच्याबद्दल काडीची खबर नव्हती. मत्तयाचा उलटलेला अध्याय तेव्हा आठवला: वेदीपाशी अर्पण तसंच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर. ना अंगावर काटा, ना डोळ्यांत पाणी. पोटात खड्डा पडला फक्त. नळ वाहत राहिला तेव्हा मावशीच म्हणाल्या, "अगं, पाणी."

तेव्हापासून माझा एक ठोकताळा झालाय, पटला तर घ्या. जो आवाज दरवेळी माझ्याच बाजूनं बोलतो, तो बहुतेक माझाच असतो.

कवी नारायण वामन टिळकांचंच बघा ना. 1893 साली ते राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन माणसाशी गप्पा झाल्या आणि त्यानं बायबलचा नवा करार हातात ठेवला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं टिळक हलले, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज तो सहप्रवासी आमच्या साक्षीच्या वेळी उभा राहिला असता तर काय बोलला असता? "गाडीत एकाला पुस्तक दिलं." बसा खाली, पुढचे या!

त्यात टिळकांचा फायदा तर काहीच नव्हता. घरदार दुरावलं, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. आणि लक्ष्मीबाईंचं मन पालटलं तेही प्रवचनानं नाही. जाती देवानं केल्या की माणसानं, याचा त्यांनी एकटीनं विचार केला आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. जन्मभराचं सोवळं एका घोटात संपलं. पाण्याचा पेला तो, साधाच.

चमत्कार खोटे असं मी म्हणत नाहीये, कमेंटमध्ये तुटून पडू नका. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं, त्याच्या गोष्टी ऐकतच मी वाढले. पण त्याच पंडिता रमाबाई पुढं कित्येक वर्षं मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, शब्दाला शब्द लावत. त्या बसण्यावर कुणी गाणी रचत नाही.

पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावच्या दहा-अकरा किलोमीटरच्या वाटेवर ते दोघं शिष्य तर येशूबरोबर चालले. त्यानं शास्त्र उलगडून सांगितलं तरी ओळखलं नाही. सांज झाली म्हणून "आमच्याकडेच राहा" असा आग्रह त्यांनी केला आणि त्यानं ताटावर भाकर मोडली, तेव्हा डोळे उघडले. आग्रह केला नसता तर? तो पुढंच निघाला होता, लूकनं तसं लिहिलंय.

पेले धुतले त्या संध्याकाळी मी फोन लावला. भावानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी लावला.

"बोल."

"काही नाही, सहज."

"इकडं पाऊस नाही अजून."

मग बोअरवर बोललो, त्याच्या गुडघ्यावर बोललो. घराचा विषय दोघांनीही काढला नाही आणि तो आजही तसाच लटकलेला आहे. मागच्या आठवड्यात त्यानं एसटीच्या कंडक्टरबरोबर शेवग्याच्या शेंगा पाठवल्या. निम्म्या जून निघाल्या. आमटीत घातल्या, चोखून खाल्ल्या.