किमान वेतन एकट्याच्या पोटापुरते नसते : खुलासा

‘किमान वेतन एका माणसापुरतेच ठरते, कुटुंबाचा त्यात हिशोब नसतो’, हा पुण्यातील गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा मजकूर चुकीचा आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात वेतन ठरवण्याचे सूत्र दिलेले नव्हते, हे खरे. परंतु १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने (सरकार, मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींची बैठक) पती, पत्नी व दोन मुले असे कुटुंब धरून अन्न, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन-दिवाबत्ती यांचा हिशोब मांडला, व त्यात पत्नीची कमाई धरू नये असेही स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मुलांचे शिक्षण, औषधोपचार आदींसाठी २५ टक्क्यांची भर घातली. जाहीर होणारे दर या मापाला पुरतात का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. हडपसरचे घरभाडे पाहता त्याचे उत्तर फारसे अवघड नाही.