आधी १७-सी दाखवा, मग ओरडा

निवडणुकीचा विषय निघाला की हल्ली माझं डोकंच फिरतं. लग्नाची पंगत असो, सोसायटीचा ग्रुप असो, नाहीतर सलूनमधली खुर्ची, कुणीतरी छातीठोकपणे सांगणारच, "ते मतदानाचं मशीन, ईव्हीएम, तेच सेट होतं हो." कसं सेट होतं? कुठल्या केंद्रावर? कुणी पाहिलं? एवढं विचारलं की आपण अंधभक्त. आणि निवडणूक आयोगाला साधा प्रश्न विचारला की दुसऱ्या बाजूचे देशद्रोही ठरवून मोकळे. पुरावा मागणाऱ्याने दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, हे २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागल्यापासून चाललंय. वीट आलाय मला याचा.

धुळे ग्रामीणमधलं अवधान गाव घ्या. निकालानंतर बातमी पसरली की काँग्रेसचे उमेदवार कुणाल पाटील यांना त्या गावात शून्य मतं. अख्ख्या गावाची मतं खरंच गायब झाली असती तर तो भयंकर गुन्हा होता, रस्त्यावर उतरण्यासारखा. पण आकडे होते ना समोर! गावातली चार केंद्रं, त्यांना पडलेली मतं २२७, २३४, २५२ आणि ३४४. बेरीज १,०५७. चौथीतलं पोर करेल ही बेरीज, ती करायची तसदी कुणी घेतली नाही. निवडणूक कार्यालयाचा खुलासा आला, तर शून्याचा मेसेज पाठवणाऱ्या एकाही माणसाने तो आमच्या ग्रुपवर टाकला नाही. आजही तीच माणसं "धुळ्यात काय झालं माहितीये ना" म्हणून सुरू होतात.

पाच लाख जादा मतांचंही तेच. मतदान झालं ६,४०,८८,१९५ आणि मोजणीत त्याहून पाच लाख जास्त निघाली, म्हणून बोंब. अहो, मतदानाचा तो आकडा फक्त यंत्रावरच्या मतांचा होता! ५,३८,२२५ वैध टपाली मतं त्यात धरलेलीच नव्हती. इलेक्शन ड्युटीवरचे शिक्षक, पोलीस, सीमेवरचे जवान, घरून मत देणारे ८५ च्या पुढचे आजी-आजोबा, या सगळ्यांची मतं तुम्ही घोटाळा म्हणून गावभर फिरवलीत. लाज वाटायला हवी.

मतदान संपलं की केंद्राध्यक्ष प्रत्येक उमेदवाराच्या पोलिंग एजंटला, म्हणजे केंद्रावर बसलेल्या त्याच्या माणसाला, नमुना १७-सी ची प्रत देतो. कुठलं यंत्र, त्यात किती मतं, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. मोजणीच्या टेबलावर तो कागद ठेवायचा आणि यंत्राचा आकडा ताडून बघायचा. राज्यात लाखभर केंद्रं होती. तुमचे एजंट होते ना तिथे? मग न जुळणाऱ्या दहा प्रती आणा. पाच आणा! त्याखेरीज प्रत्येक मतदारसंघात चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची कागदी पावती छापणाऱ्या यंत्रांच्या, पावत्या हाताने मोजल्या, म्हणजे २८८ मतदारसंघांत १,४४० यंत्रं. फरक निघाला नाही असं निवडणूक कार्यालयाने जाहीर केलं. खोटं वाटतंय? मग मोजणीला बसलेला तुमचा माणूस उभा करा, त्याला बोलू दे.

आणि यंत्रं नव्हती तेव्हा काय वेगळं होतं? १९७१ ला इंदिरा गांधी जिंकल्या तेव्हा जनसंघाचे बलराज मधोक म्हणत होते की मतपत्रिकांवर रसायन लावलंय, आपला शिक्का पुसला जातो आणि इंदिराजींच्या गाय-वासरू चिन्हावर उमटतो. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, सिद्ध काहीच झालं नाही. २००९ ला भाजपच्या अडवाणींनी ईव्हीएमवर शंका घेतली. आज त्यांच्याच पक्षाचे लोक तीच शंका घेणाऱ्यावर धावून जातात. आणि जून २०२४ मध्ये महाविकास आघाडीने लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा घेतल्या, तेव्हा यंत्रं चांगली होती!

पण आयोगाची बाजू मी अजिबात घेणार नाही, कारण या अफवांना खतपाणी तिथूनच मिळतं. १७-सी च्या प्रती संकेतस्थळावर टाका म्हटलं तर कोर्टात विरोध. डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून सीसीटीव्हीचं चित्रण लोकांना बघायला बंद. लोकसभा ते विधानसभा, सहा महिन्यांत मतदार यादीत चाळीस लाखांच्या आसपास नावं वाढली, हा रास्त प्रश्न आहे. त्याचं केंद्रनिहाय उत्तर द्यायला काय हरकत होती? माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी स्वतःच्या समाधानासाठी कागदावर मतदान घेणार होतं, तर जमावबंदी आणि पोलीस! घेतलं असतं तरी कायद्याने काही सिद्ध होत नव्हतं, ती जागा तर तक्रार करणाऱ्यांच्याच उमेदवाराने जिंकली होती. पण गाव अडवलं आणि संशय राज्यभर पोचला.

"मशीन, मशीन" च्या गोंगाटात यादीचा खरा प्रश्न मरतो, याची मला जास्त चीड येते. दुबार नावं, गेलेल्या माणसांची नावं, हे घरोघरी जाऊन शोधता येतं, नाव वगळण्यासाठीचा नमुना ७ भरून हरकत घेता येते. त्याला उन्हात फिरावं लागतं. फॉरवर्ड करायला अंगठा पुरतो.

पुढच्या मतदानाला या ना एजंट म्हणून. पहाटे मॉक पोलला, म्हणजे मतदानाआधीच्या यंत्राच्या चाचणीला, हजर राहा, संध्याकाळी १७-सी हातात पडल्याशिवाय खुर्ची सोडू नका, मोजणीला तो कागद घेऊन जा. एका मताचा जरी फरक निघाला तरी मला फोन करा. कलेक्टर कचेरीसमोर तुमच्या शेजारी मी बसतो.