हुमण निवायच्या आत डोंगर

सायकल गाडीच्या पाठीला बांधायची, तासभर गाडी हाकायची, कुठल्यातरी रानात सायकल उतरवून घटकाभर चालवायची आणि पुन्हा बांधून घरी आणायची, हा व्यवहार आमच्या बाबांना आजवर पटलेला नाही. "आम्ही सायकलवर बसून कामाला जायचो. तुमची सायकल गाडीवर बसून हवा खायला जाते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना सांगतात. पाहुणे माझ्याकडे बघतात. मी साखळीला तेल घालतो.

घरची अट एकच: रविवारी दुपारी हुमण, म्हणजे माशांची आमटी, निवायच्या आत परत यायचं. म्हणजे वाट फोंड्यापासून तासाभराच्या आत हवी. कागदावर हे सोपं दिसतं. गोवा आहे केवढा? 3,702 चौरस किलोमीटर. फोंडा जवळजवळ मधोमध. पूर्वेला सह्याद्री, मध्ये काजूचे डोंगर, पश्चिमेला सडे म्हणजे कातळाची पठारं, नदीकाठी खाजणं म्हणजे बांध घालून राखलेली खारी शेतं. माउंटन बाइक बनवणाऱ्याने गोवा बघूनच बनवली असावी असं कुणालाही वाटेल. पण तिचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत झाला. तिथल्या पोरांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावरून सोडायला सुरुवात केली. 1976 पासून ज्या उतारावर शर्यती लागल्या त्याचं नाव रिपॅक, कारण खाली पोचेपर्यंत ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि दर खेपेला नव्याने भरावं लागायचं. त्या पोरांना कुणी "आत जायचा पास आहे काय?" असं विचारल्याची नोंद मी तरी वाचलेली नाही.

बाहेरदेशी वाटांना रंग देतात. हिरवी सोपी, निळी मध्यम, काळी म्हणजे विमा तपासून जा. आपल्याकडे रंग एकच, तांबडा. वाट तांबडी, मोजे तांबडे, गाडीची डिकी तांबडी आणि ते मोजे धुणाऱ्या आईचा चेहराही त्याच रंगात.

सुरुवात दिवाडी बेटापासून केली. फेरीबोटीतून सायकल घेऊन पलीकडे उतरलं की खाजणातले बांध सुरू होतात. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये हातभर रुंद मातीची वाट आणि वर बगळे. सुरेख! फक्त चढ नाही. चढ म्हणावा तर पियेदादच्या चर्चकडे जाणारा, तोही डांबरी. राहता राहिला फेरीच्या धक्क्याचा उतार. बांध पुढे मानशीपाशी संपतो. तिथे पाणी अडवणारी लाकडी दारं आणि त्या दारांपाशी मासळीचा लिलाव घेतलेला माणूस असतो. तो जाळ्याकडे बघत शांतपणे म्हणतो, "सायकल घालू नका, बांध फुटला तर भरती शेतात येईल." त्याचं बरोबर असतं, म्हणून परत फिरायचं. बांधावर सायकल वळवता येत नाही हे त्या वेळी कळतं. ती उचलून, स्वतः गिरकी घेऊन पुन्हा ठेवावी लागते. बगळे उडतात. तो माणूस बघत राहतो. त्याची तेवढीच करमणूक.

मग मावसभावाने खाणींचा विषय काढला. डिचोलीकडचे खाणरस्ते रुंद, चढउताराचे, आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्यावर त्यांच्यावर ट्रकही नाहीत, असा त्याचा हिशेब. ट्रक नव्हते. वॉचमन होता. खाण बंद असो की चालू, वॉचमन असतोच. त्याला आम्ही 'फक्त सायकल चालवायची आहे' असं सांगितलं तेव्हा त्याला आमच्याविषयी खरा संशय आला. एवढं हेल्मेट, गुडघ्यांना पॅड आणि म्हणे फक्त सायकल!

खरे डोंगर पूर्वेला. पण तिथे नकाशावर बोट ठेवाल तिथे अभयारण्य: म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव. राज्याचा सुमारे पाचवा भाग असा राखीव आहे, आणि तो राखीव आहे तेच बरं. माझ्या टायरापेक्षा गव्याचा हक्क जुना. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. तो वाटेत उभा राहिला तर घंटी वाजवायची नसते, एवढं ज्ञान मला कुणी न शिकवता आहे.

ॲपचाही प्रयोग झाला. त्यात लोक जिथून जातात तिथे नारिंगी रेघ उमटते, जास्त लोक तेवढी ती ठळक. फोंडा तालुक्यातल्या एका डोंगरात अशी रेघ झळाळत होती. गाडी उभी केली, सायकली उतरवल्या, धापा टाकत रेघेच्या टोकाला पोचलो. टोकाला तवेर्न होतं, म्हणजे दारूचं दुकान. मावसभाऊ म्हणाला, तंत्रज्ञान चुकत नाही.

शेवटी वाट मिळाली ती काजूच्या डोंगरात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. वर जांभ्याचा सडा, कातळात खळगे, मध्ये वाळकं गवत. सड्याच्या कडेवरून पायवाट खाली सुटते ती थेट काजूंच्या सावलीत. पहिल्या वळणावर सुटे तांबडे गोटे आहेत. त्यावरून टायर कोरड्या वाटाण्यांवरून घसरावा तसा जातो, तेव्हा ब्रेक सोडून द्यायचा आणि कुलदैवताला धरायचं. मग दोन पायऱ्यांएवढी उडी, एक मुळांचं जाळं, आणि पुढे सावलीतली गार, दबलेली माती. तिथे सायकल आपण चालवत नाही, ती आपल्याला नेते. मार्च-एप्रिलात वाटेवर बोंडू, म्हणजे काजूची फळं, पडलेले असतात. पिकलेल्या बोंडूवरून पुढचं चाक गेलं की पुढचा प्रवास आपण सायकलीशिवाय करतो. मी पडलो तो बिया वेचणाऱ्या एका आजीच्या टोपलीपाशी. कपड्यांना दोन दिवस हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास येत होता, आणि घरी कुणाचाच माझ्या खुलाशावर विश्वास बसला नाही.

पडण्याचं आजीला काहीच वाटलं नाही. मी सायकल ढकलत पुन्हा वर निघालो तेव्हा मात्र तिला कळवळा आला. "पुता, सायकल पाड जाली मरे?" म्हटलं, नाही आजी, बरी आहे. पुन्हा खाली येण्यासाठी वर नेतोय. तिने वेचणं थांबवलं, मला नीट बघून घेतलं आणि सुनेला हाक मारली. सूनही बघून गेली.

वाट संपते तिथे राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, घुमटी आहे. पलीकडच्या घरातले काका पाणी द्यायचे. "त्याला सांगून जात जा, म्हणजे पडणार नाही," असं त्यांनी बजावलं होतं. आम्ही सांगून जायला लागलो. पडणं कमी झालं. राखणदारामुळे की बोंडूंचा हंगाम संपल्यामुळे, यावर मावसभावाशी माझा वाद आहे.

पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा सायकली भिंतीला. ऑक्टोबर सरता सरता पुन्हा गेलो, तर सड्याच्या तोंडाशी रोलर उभा. काजूंमधून खालपर्यंत काळंभोर, गुळगुळीत हॉटमिक्स. मुळं नाहीत, पायरी नाही, गोटे नाहीत. आम्ही सायकली धरून तसेच उभे राहिलो.

गावचे पंच स्कूटरवरून आले, खाली उतरले आणि माझा हात हातात घेऊन हलवायला लागले. "तुमचीच वाट बघत होतो! रस्ता मंजूर होत नव्हता हो. वापर नाही म्हणायचे. मग मी अर्जात लिहिलं, फोंड्याहून सायकलवाले दर रविवारी येतात, पडतात, लागतं त्यांना. तुमचे फोटोपण जोडले. महिन्यात मंजूर!"

मावसभावाने माझ्याकडे बघितलं. मी रोलरकडे.

"पुढच्या रविवारी उद्घाटन," पंच म्हणाले. "नारळ आमदार फोडणार. तुम्ही ते हेल्मेट घालून पुढे उभे राहा. आणि जेवल्याशिवाय जायचं नाही, हुमण-शीत आहे."