बाळ किती किलोचं?

आज भाचीला बघून आले. काल पहाटे बाळंत झाली. मुलगी, दोन किलो आठशे. फॅमिली ग्रुपवर कालपासून बदामांचा पाऊस चाललाय. मी तिच्या कॉटवर टेकले तर पोरगी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मावशी, मला मारलं गं आत."

मांडीवर चापट. कळ आली, ओरडली, म्हणून. आणि वर ते वाक्य. तुम्हाला माहितीये कुठलं. "तेव्हा..." असं सुरू होतं ते. पुढचं लिहीत नाही, या यादीत माझ्या सासूबाईही आहेत.

दवाखान्याचं नावही लिहीत नाही. भाचीला अजून उद्याचा दिवस तिथेच काढायचाय.

माझं डोकंच फिरलं. तिची आई रात्रभर लेबर रूमबाहेरच्या बाकावर बसून होती, मांडीवर दुपट्यांची पिशवी घेऊन. आत सोडलं नाही. अरे, सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ घरची एक बाई थांबू शकते, हे २०१६ पासून सरकारच सांगतंय. २०१७ मध्ये लेबर रूम सुधारायला 'लक्ष्य' ही सरकारी योजना आली, त्यातही बाईला मानानं वागवा असं आहेच. दारावर पाटी मात्र 'आत येऊ नये'. चार टेबलं, मध्ये आडोसा नाही, मग नातेवाईक उभे कुठे करणार, हे मान्य. मग पडदे लावा ना! पडद्याला कितीसे पैसे लागतात?

माझं थोरल्याच्या वेळचं सांगते. मैत्रिणींना पाठ झालंय, तरी ऐका. २००८, रात्रीचे पावणेतीन. बाळ झालं, वार पडली, टाके झाले, डॉक्टर गेले. घरचे सगळे बाळामागे. मी टेबलावर, हुडहुडी भरलेली, दात वाजतायत. आणि एक ठेंगणी सिस्टर, खिशाला घड्याळ अडकवलेली, दर पंधरा मिनिटांनी येऊन बेंबीपाशी हात रुतवायची. जीव जायचा. "लघवी झाली का?" नाही म्हटलं की जायची, परत यायची, परत तेच. माझं बाळ कुठंय ते सांगेना आणि मेली लघवीचं विचारत बसलीये. मनातल्या मनात तिची सात पिढ्यांची उजळणी केली मी.

चौथ्या की पाचव्या खेपेला तिचा हात पोटावरच थांबला. "मऊ लागतंय," स्वतःशीच म्हणाली. चादर उचलून बघितलं आणि मग जी हाक मारली तिनं!

नंतर कळलं, बाळ झाल्यावर गर्भाशय चेंडूसारखं घट्ट व्हायला लागतं. वार जिथून सुटते तिथल्या रक्तवाहिन्या त्या आकसण्यानंच दाबून बंद होतात. ते सैल राहिलं की रक्त थांबत नाही, आणि दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त जात असतं. भरलेली लघवीची पिशवीही त्याला आकसू देत नाही. म्हणून तो प्रश्न. तिनं नळी घातली, पोट चोळत राहिली, डॉक्टर येईपर्यंत सलाईनही चालू केलं होतं. मी आज ही पोस्ट लिहितेय ती त्या हातामुळे.

आता सांगा, काल ग्रुपवर चाळीस जणांनी बाळाचं वजन विचारलं. बाईचं रक्त किती गेलं, एकानं तरी विचारलं? पाचशे मिलीच्या वर गेलं की धोक्याची घंटा, हे आपल्यातल्या किती जणांना माहितीये? सव्वा महिन्याचे अळीव, डिंक, शेक-शेगडी सगळं सातव्या महिन्यातच ठरतं आपल्याकडे. पहिल्या दोन तासांत पोटावर हात कोण ठेवणार, ते कुणीच ठरवत नाही. पेढ्यांचा बॉक्स डॉक्टरांच्या टेबलावर. (डॉक्टर मैत्रिणींनो, चिडू नका, तुम्हीही खपता, ठाऊक आहे.)

हे एवढं लिहून मघाशी चहा टाकायला उठले होते, तेव्हा भाचीचंच एक वाक्य आठवलं. मी तावातावानं तक्रार लिहायला निघाले होते, तर तीच म्हणाली, "रात्री ती सिस्टर एकटीच होती गं. आम्ही सहा जणी."

सहा जणी, आणि एक बाई! दर पंधरा मिनिटांनी एकेकीचं पोट, नाडी, बीपी, कपडा बघायचा, त्यातच नवी कळ आली की पळायचं, आणि वर ती रजिस्टरं. निघताना पाहिलं मी तिला. उभ्यानंच बिस्किट खात होती, दुसऱ्या हातानं लिहीत होती. चहावर साय धरली होती. माझ्या वेळच्या सिस्टरला त्या रात्री दोघीच होत्या सांभाळायला. सहा असत्या तर ती पाचव्या खेपेला माझ्यापाशी पोचली असती का?

म्हणून चापट माफ? नाही. अजिबात नाही. पहिलटकरीण, बावीस वर्षांची पोर, ती चापट जन्मभर विसरणार नाही. पण माझा राग आता त्या सिस्टरवर तेवढा टिकत नाहीये. जागा वर्षानुवर्षं न भरता कंत्राटावर दिवस ढकलणाऱ्यांच्या मांडीवर एक चापट द्यायला हवी. कुणी म्हणेल, पूर्वी घरीच व्हायची बाळंतपणं, सुईण प्रेमानं करायची. हो, आणि बायका मरायच्याही. गप्प बसा.

माझ्या त्या ठेंगण्या सिस्टरचं नाव मला माहीत नाही. बारशाला चांदीचा वाळा कुणी दिला ते वहीत लिहून ठेवलंय मी, आणि हिचं नाव विचारलंसुद्धा नाही.

उद्या डबा घेऊन जाणार आहे. भाचीला मऊ भात, मुगाचं वरण, तूप. दुसरा डबा भाकरी आणि मेथीचा, नाईटच्या सिस्टरसाठी. चापट मारणारीच ड्यूटीवर असली तरी तिलाच देणार. आधी नाव विचारीन, मग काय बोलायचं ते बोलेन.