माझं रेकॉर्डिंग, डब्याच्या पोटात

"मॅडम, एकदा फॅक्टरी रीसेट करून बघा ना."

गेल्या तीन आठवड्यांत हे वाक्य मी सेट-टॉप बॉक्सवाल्या कंपनीच्या कस्टमर केअरकडून चार वेळा ऐकलंय, चार वेगवेगळ्या आवाजांत. पाचव्यांदा ऐकलं तर फोन भिंतीवर जाणार आहे. मी विचारलं, रीसेट केल्यावर आतल्या रेकॉर्डिंगचं काय? "काही राहणार नाही मॅडम, एकदम नव्यासारखा होईल बॉक्स." अरे, मला नवा बॉक्स नकोय! मला जुन्या बॉक्सच्या पोटातलं हवंय! त्यासाठीच तर अर्धा तास तुमचं ते होल्डवरचं संगीत ऐकत बसले. मग शेवटचा उपाय म्हणून त्यांची उदार ऑफर: जुना परत द्या, बदलून दुसरा देतो. आणि रेकॉर्डिंग? "त्याची जबाबदारी कंपनीची नसते." बरोबर आहे. जबाबदारी माझी, डबा त्यांचा, आणि कुलूपही त्यांचंच. ते कुलपाचं पुढे येईलच.

तर झालं असं की रेकॉर्डर असलेला आमचा सेट-टॉप बॉक्स एका सकाळी सुरूच होईना. लाल दिवा लागतो, कंपनीचं चिन्ह येतं, जातं, परत लाल दिवा. दिवसभर हाच खेळ. आत ११८ तास जमवलेलं: पुन्हा कधीच न दाखवलेली एक माहितीपटांची मालिका, गाण्याच्या दोन मैफिली, काही सामने, आणि एका चर्चेच्या कार्यक्रमात प्रेक्षकांत बसलेली माझी आई. नऊ सेकंद. ती हसते, चष्मा सावरते, कॅमेरा पुढे जातो. त्या नऊ सेकंदांसाठी मी तो अख्खा तासाचा कार्यक्रम कित्येक वर्षं "डिलीट करू नये" अशी खूण करून सांभाळला होता. आई म्हणते, "अगं जाऊ दे, मी इथेच तर बसलेय." मुद्दा तो नाहीये, आई.

व्हीसीआर आठवतो का कुणाला? तो बिघडला तर बिघडला, कॅसेट बाहेर काढायची आणि शेजारच्यांच्या व्हीसीआरमध्ये घालायची. फीत अडकून तुटली तर चिकटपट्टी लावून जोडायची. दोन सेकंदांचं चित्र जायचं, बाकीचं शाबूत. यंत्र वेगळं, रेकॉर्डिंग वेगळं. इतकी साधी, इतकी शहाणी गोष्ट आपण 'डिजिटल' च्या नावाखाली घालवून बसलो. अमेरिकेत मॅरियन स्टोक्स नावाच्या बाई तीसेक वर्षं घरात टीव्ही रेकॉर्ड करत राहिल्या. २०१२ साली त्या गेल्या तेव्हा मागे सत्तर हजारांच्या आसपास टेपा होत्या आणि त्या पुढे जुनं साहित्य जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेकडे गेल्या. त्यांनी हेच आजच्या डब्यात केलं असतं तर? डबा बंद पडताच कुणीतरी त्यांना फॅक्टरी रीसेट करायला सांगितलं असतं!

असो. कस्टमर केअरवर थुंकून (मनातल्या मनात) मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. तर स्क्रू साधे नाहीत. चांदणीसारख्या खाचेचे, त्यात मधोमध एक टाचणीएवढा उंचवटा, म्हणजे साधी चांदणीची पानंसुद्धा बसू नयेत. कुणाला रोखायचंय यांनी? चोराला? डबा उचलून नेणारा चोर स्क्रू काढत बसेल होय?

उघडलं तर आत काय, साधी ३.५ इंची साटा हार्ड डिस्क. कॉम्प्युटरमध्ये असते तीच. जिवात जीव आला. म्हटलं आता पंधरा मिनिटांचं काम. (हसू नका.) यूएसबीचं अडॅप्टर लावून डिस्क जोडली, तर विंडोज लगेच अदबीने विचारतंय: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का? म्हणजे हाही त्यांचाच भाऊ! जो तो पुसायलाच टपलेला. इथे ज्याने घाईत 'हो' दाबलं असेल त्याच्या घरी मी दुःख व्यक्त करायला यायला तयार आहे. खरं कारण एवढंच की या डब्यांत बहुतेक लिनक्स चालतं, डिस्कवरची मांडणी एक्सएफएस किंवा एक्स्ट३ सारखी असते, काहींत तर कंपनीने स्वतःच शिजवलेली. विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून त्याला वाटतं डिस्क रिकामी आहे.

इथे एक गोष्ट मात्र मी बरोबर केली आणि ती मोठ्याने सांगणार आहे, कारण इंटरनेटवर अजूनही लोक डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतात. नका ठेवू! बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलीसुरली आशा त्या पाण्यात जाते. टिचक्या मारून बघणाऱ्यांनाही साष्टांग नमस्कार. मी आधी लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावून अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढली. हा प्रोग्राम आधी डिस्कचा जो भाग नीट वाचता येतो तो उचलतो, खराब जागा सोडून पुढे जातो आणि त्यांच्याकडे शेवटी परत येतो. कुठे काय राहिलं याची नोंद ठेवतो, त्यामुळे मध्येच थांबवलं तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. ५०० जीबीला अख्खी रात्र गेली. शेवटी अडकले किती? आठ सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे आठ चिमुकले कप्पे. फक्त आठ! डिस्क ठणठणीत होती हो. मेला होता तो डबा.

नकलेत फायलीही दिसल्या. भल्यामोठ्या, विचित्र आकड्यांच्या नावांच्या, एकेक तीन-चार जीबीची. आठेक मेगाबिटचं एक तासाचं प्रक्षेपण म्हणजे ३.६ जीबी, हिशोबही जुळला. एक उघडली. काळा पडदा. दुसरी उघडली, काळा पडदा. सगळे प्लेअर झाले. मग फाइल कच्ची उघडून बाइट बघितले. टीव्हीचं प्रक्षेपण १८८ बाइटांच्या पाकिटांत येतं आणि प्रत्येक पाकिटाची सुरुवात एकाच ठरलेल्या बाइटने होते, ४७ हेक्स. रांगेत तो दिसला की समजायचं, माल शाबूत आहे. माझ्याकडे दिसलं काय? नुसता कचरा. सगळं सांकेतिक करून ठेवलेलं, आणि त्याची किल्ली त्या डब्याच्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये. त्याच डब्याच्या. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा दुसरा डबा आणला तरी त्याची किल्ली वेगळी, आणि तो डिस्क बघून काय विचारतो? फॉरमॅट करायची का!

म्हणजे डबा मेला की किल्ली मेली आणि किल्ली मेली की माझ्या आईचे नऊ सेकंद मेले. डिस्क हातात, फाइल समोर, आणि मी बघतेय बाइटांचा चिखल. हे कशासाठी, तर पायरसी थांबावी म्हणून. ज्यांना चोरायचं ते कधीच चोरून मोकळे होतात, त्यांना असल्या डब्याची गरजही नसते. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि इथे संन्यासी दर महिन्याला वर्गणीही भरतोय. अनेक डब्यांत तर वर्गणी थांबवली की तुम्ही स्वतः केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा दिसायचं बंद होतं. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनीच्या बेटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं होतं की घरी नंतर बघण्यासाठी रेकॉर्ड करणं गैर नाही. कोर्टाने दिलं आणि चिपने काढून घेतलं. चिपवर अपील कुठे करायचं?

डब्याच्या पाठीमागे यूएसबीचं भोकही आहे बरं का. वर लिहिलंय: फक्त सर्व्हिससाठी. दात आहेत, चणेही आहेत, पण तोंडाला कुलूप.

शेवटी उरला एकच मार्ग, डब्यालाच जिवंत करायचं. पॉवर सप्लायच्या बोर्डावर बघितलं तर दोन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) डोक्यावर फुगलेले, टेंगूळ आल्यासारखे. दोन! पाहुण्याच्या हातावर टेकवायच्या खाऊपेक्षा स्वस्त वस्तू. आणि ते का फुगले तेही ऐका. लाइव्ह टीव्ही थांबवता यावा म्हणून हा डबा तुम्ही बघत असलेलं चॅनल सतत डिस्कवर लिहीत असतो. आमचा तर स्टँडबायवरही डिस्क फिरवत बसायचा. म्हणजे चोवीस तास गरम. असल्या कपॅसिटरचा ढोबळ नियमच आहे की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. ते ठेवलेत कुठे? बरोब्बर गरम पट्टीला चिकटून. ज्याने हे डिझाइन केलं त्याला मी त्याच पट्टीला चिकटून बसवीन.

बोर्ड स्वतः दुरुस्त केला नाही, कारण वीज काढली तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो आणि माझा राग कितीही मोठा असला तरी मला जगायचंय. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या माणसाने वीस मिनिटांत दोन्ही बदलून दिले. "एवढंच होतं," म्हणाला. एवढंच होतं! आणि ते चौघं मला ११८ तास पुसायला सांगत होते.

डबा सुरू झाला. यादी आली. सगळं होतं. मला वाटलं सुटलो. कुठलं! एचडीएमआयमधून रेकॉर्ड करायला जावं तर कॅप्चर कार्डवर (येणारं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेणारं यंत्र) पुन्हा काळा पडदा, कारण तिथे एचडीसीपी नावाच्या, नक्कल रोखणाऱ्या कुलपाचा पहारा. म्हणून आता मी त्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या जुन्या केबलवर आलेय. एचडीचं चित्र ५७६ ओळींत दाबून, आणि वेग? बघायला लागतो तेवढाच. ११८ तासांना ११८ तास. फाइल कॉपी करायला जिथे काही तास लागले असते तिथे मी दिवस-दिवस एकेक कार्यक्रम लावतेय, थांबवतेय, नाव देतेय. झाकण उघडंच आहे, स्विचवर "हात लावाल तर याद राखा" अशी चिठ्ठी चिकटवलीय.

पहिला अर्थातच आईचा कार्यक्रम उतरवला. तिला बोलावून दाखवला. ती पडद्याजवळ गेली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "ही मी आहे होय?"

काल रात्रीपर्यंत ६३ तास झाले होते. डिशची केबल मी पहिल्याच दिवशी काढून ठेवलीय, बाहेरून काही येऊ नये म्हणून. आणि मैफिलीचा दुसरा भाग ऐन रंगात असताना पडद्याच्या मधोमध निळी पट्टी. नवीन सॉफ्टवेअर म्हणे आधीच डिस्कवर उतरवून ठेवलंय, बॉक्स दहा मिनिटांत आपोआप रीस्टार्ट होईल. खाली बटण एकच: "ठीक आहे".